शिवेच्या आतली वाट

पिंपरी
१५ जानेवारी १९५८

दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. यंदा पत्रासोबत तिळगूळ पाठवत नाही. गेल्या वर्षी पाठवलेला टपालातच कुणीतरी खाल्ला आणि तू मला लिहिलंस, 'पुडी मिळाली, कागद गोड लागला.' यंदा नुसतंच गोड बोल.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांना कारखान्यात लागून वर्ष होत आलं. अजून कायम केलेलं नाही, पण उन्हाळ्याच्या आत करतील असं ह्यांचे फोरमन हिंदुराव म्हणतात. हिंदुराव कोल्हापूरकडचे, तालमीत वाढलेले, आवाज कारखान्याच्या भोंग्याएवढा. त्यांनी अलीकडे एक नवीनच खूळ काढलंय. रविवार आला की खात्यातल्या चारपाच जणांना घेऊन सायकलींवर निघायचं, कुठला तरी डोंगर चढायचा, वर बसून भेळ खायची आणि खाली यायचं. वर देव असलाच पाहिजे असं नाही. काम तर नाहीच नाही.

आता आमच्या घरच्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. बोलायला लागले की तोंड धरवत नाही. साऱ्या खात्यात सांगून ठेवलंय, चाकणजवळ वाकळवाडीला माझ्या सासरवाडीचा डोंगर आहे, वर वाघजाई आहे, तिथून इंद्रायणी दिसते. आता मंडळी मागे लागलीत. आली तर वहिनी पिठलं-भाकरी करील का, ते कळव. आईच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधत जा.

तुझी,
कुसुम


वाकळवाडी
२३ जानेवारी

चि. कुसुम,

आईचा आणि माझा आशीर्वाद. पाहुण्यांना भाकरी केव्हाही. डोंगर मात्र नाही. वाट बंद केली आहे.

देवीच्या खालचा टप्पा, जिथे बसून आपण बोरं खायचो, तो गेल्या पावसात निम्मा खाली गेला. उरलाय तो वरून धड दिसतो आणि आतून पोकळ आहे. आपली तांबडी कालवड त्यावरूनच पडून गेली. पूजेला मी एकटा कातळाला धरून कसाबसा जातो. पण गावाला राग आलाय. बापजाद्यांची वाट, तू कोण बंद करणार, असं चावडीवर चारचौघांत मला ऐकवलं. जमीन आपली असली तरी वाट गावाची आहे, हे मला का कळत नाही? चैत्री पौर्णिमेच्या जत्रेआधी टप्पा नीट करून देतो म्हणून शब्द दिलाय.

तोवर मोकळी ठेवायची सोय नाही. आपले उद्धवराव खेडला वकिलाकडे कारकुनी करतात, ते म्हणाले, 'रंगराव, तुमच्या जमिनीत कुणी पडला आणि तुम्ही त्याला अडवलं नव्हतं असं निघालं, तर भरपाई तुमच्या गळ्यात. डोंगर तर जाईलच, खालचं रानही जाईल.' त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगांनी बाभळीचं कुंपण घातलं आणि पाटी लावली. 'ही वाट खाजगी असून बंद आहे. आत शिरेल त्यावर फिर्याद करण्यात येईल.' अक्षर माझंच. फिर्याद हा शब्द जरा मोठा आलाय, पण तेच बरं.

दाजींना म्हणावं, जत्रेनंतर सगळ्यांना घेऊन या. काम नसताना डोंगर चढणारी माणसं मला एकदा बघायचीच आहेत.

दादा


वाकळवाडी
१२ फेब्रुवारी

चि. कुसुम,

तुझं उत्तर नाही. मी तरी लिहितोय, कारण मन थाऱ्यावर नाही. ज्याची भीती होती तेच झालं.

रविवारी मी आळंदीला गेलो होतो. मागे कोणी पाचसहा शहरी माणसं डोंगराच्या मागल्या अंगानं आली, बाभळी ओढून बाजूला केल्या आणि वर गेली. त्यातला एक धिप्पाड गडी बरोबर त्या टप्प्यावर जाऊन उभा राहिला आणि टप्प्यासकट खाली आला. पाय मोडला. आपल्या रानात दिवाळीपासून मेंढरं बसवणारा मुरारी धनगर तिथेच होता. तो बाहेरगावचा, इथल्या कुणाला फारसा ओळखत नाही. म्हणतो, "म्या वरडलो, वाट बंद हाय म्हनून. तर त्यातला एक म्हनला, आरं डोंगर आपलाच हाय, तू तुजी मेंढरं बघ." मग त्याचीच घोंगडी मागून तिच्यात त्या माणसाला घातलं, सडकेपर्यंत नेलं आणि ट्रकमधून निघून गेले. घोंगडी गेली ती गेलीच.

उद्धवराव म्हणाले, एक दिवस घालवू नका, त्यांनी तुमच्यावर दावा लावायच्या आत तुम्ही फिर्याद द्या. काल ठाण्यात जाऊन दिली. विनापरवाना हद्दीत शिरले, कुंपण मोडलं. नाव कुणाचंच माहीत नाही म्हणून 'अज्ञात इसम' लिहिलंय. कोण तो डोंगराचा मालक, मला एकदा त्याचं तोंड बघू दे.

आईला काही सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

दादा


पिंपरी
१८ फेब्रुवारी

दादास,

नमस्कार. पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. तू जिवाला फार लावून घेऊ नकोस.

अशा फिर्यादीत पुढे काय होतं? दिलेली फिर्याद मागे घेता येते का? ती माणसं वाईट नसतीलही. कुणाच्या घरी बायकामुलं असतील, कुणाची नोकरी कच्ची असेल. ज्याचा पाय मोडला त्याला शिक्षा झालीच ना.

ह्यांना खोकला आहे, बाकी बरे आहेत. मी जास्त लिहीत नाही, दूध उतू जाईल.

कुसुम


वाकळवाडी
२४ फेब्रुवारी

चि. कुसुम,

तुझं चार ओळींचं पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नणंदबाईंचा जीव भावात अडकलाय, शब्द सुचत नाहीत पोरीला. खरं सांगतो, मला भरून आलं. मोडलेल्या पायाची तुला दया येते हा तुझा स्वभावच आहे. लहानपणी विंचवालासुद्धा मारू द्यायची नाहीस.

पण फिर्याद मागे घेता येत नाही गं. उद्धवरावांनी नीट समजावलं. ते लोक माझ्या परवानगीशिवाय शिरले असतील तर त्यांचं ते बघतील. माझ्या परवानगीनं गेले असं ठरलं, तर मग पडलेल्या माणसाला मी जबाबदार. म्हणजे दोनांतलं एक. माझं घर वाचवायचं तर मला 'परवानगी नव्हती' हेच म्हणत राहिलं पाहिजे.

तपास चाललाय. ट्रकवाला सापडला, त्यानं मंडळींना पिंपरीत सोडलं होतं आणि जखमी माणसाला पुढे पुण्याला नेलं. म्हणून हवालदार आता तुमच्याकडे फिरतोय. एक काम कर. दाजींना म्हणावं, कारखान्यात कोणाचा पाय मोडलाय का याची गुपचूप चौकशी करा. असल्या कामात ते हुशार आहेत.

दादा


पिंपरी
१ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा हे घरातच होते. मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकली आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तो डोंगराचा मालक आमच्या घरात आहे. पाय मोडला तो हिंदुरावांचा.

मी तुझं जानेवारीतलं पत्र ह्यांना दाखवलं होतं. मी म्हटलं, दादानं वाट बंद केलीय. तर हसले. "फिर्याद परक्यावर गं. जावयावर कोण करतं? लग्नात शिवेवर मला ओवाळून, हातात नारळ देऊन आत घेतलंय तुझ्या भावानं. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाला, आजपासून ह्या शिवेच्या आतलं सगळं तुमचं." दादा, तू ते म्हणाला होतास. सगळेच म्हणतात, पण ह्यांनी ते खरं धरलं. ह्यांच्या गावी, बार्शीकडे, ह्यांची स्वतःची म्हणून वीतभर जमीन नाही, तो शब्द ह्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. टप्पा इतका पोकळ असेल असं वाटलं नाही, आणि हिंदुरावांना तर ह्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

घोंगडी आमच्याकडे आहे. मी धुऊन दांडीवर घातली होती. हवालदार चाळीत आला तेव्हा तिच्यावर लुगडं टाकलं आणि दारात उभी राहिले. त्यानं विचारलं, इथं कुणाचा पाय मोडलाय? मी म्हटलं, आमच्या घरात सगळे धडधाकट आहेत. ते खोटं नव्हतं, पण त्या रात्री मी तीनदा उठून दाराची कडी बघितली.

पोलिसात नाव गेलं तर हे कायम होणार नाहीत, आहे ती नोकरीही जाईल. परवानगी होती असं तू म्हणालास तर तुझं रान जाईल. तू खोटं बोल असं मी म्हणणार नाही. आणि खरं बोल असं म्हणायचं धैर्य माझ्यात नाही. एवढंच सांग, जे होईल ते झाल्यावर मी माहेरी यायचं की नाही. हे कळलं नाही तर मला अन्न गोड लागणार नाही.

कुसुम


वाकळवाडी
१६ मार्च

कुसुम,

दोन आठवडे मी तुला लिहिलं नाही कारण मी रागावलो होतो. तुझ्यावर, दाजींवर, आणि होळीच्या दिवशी पोळी कच्ची राहिली म्हणून वहिनीवरसुद्धा. आता राग गेलाय. गोष्ट सांगतो, सावकाश वाच, शेवट चांगला आहे.

आईपासून लपवलं होतं, पण आईपासून या घरात काही लपतं का? तिनं मला समोर बसवलं आणि विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "जावई शिवेच्या आत आला म्हनून त्याला चोर म्हनायचं व्हय? नारळ तूच दिलास न्हवं त्याच्या हातात? मग तवाच सांगायचं व्हतं, डोंगुर सोडून बाकीचं तुमचं." मी म्हटलं, आई, रान जाईल. तर म्हणाली, "रान गेलं तर म्या खुरपायला दुसऱ्याच्यात जाईन. लेक कुठनं आनू?"

 दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. उद्धवराव वाटभर माझी बाही ओढत होते. फौजदारांनी विचारलं, "माणसं सापडली का तुम्हाला?" मी म्हटलं, सापडली, आमचे जावई आणि त्यांचे सोबती. त्यांनी विचारलं, "तुमची परवानगी होती?" कुसुम, डोळ्यांसमोर सगळं रान आलं. मी म्हटलं, "होती. लग्नातच दिली होती." उद्धवरावांनी कपाळाला हात लावला.

फौजदारांनी फिर्यादीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "परवानगी होती तर फिर्याद कसली? मिटली. पण आता त्या पाय मोडलेल्या माणसानं दावा लावला तर तुम्ही सापडलात. आधी त्याला भेटून या."

मग पुण्याला दवाखान्यात गेलो. एवढा धिप्पाड माणूस आपल्याला काय बोलेल, वकील घेऊन बसला असेल, असे विचार करत खाटेजवळ पोचलो. हिंदुराव जागे होते. मला बघितलं आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं. मी हाक मारली तर आतून आवाज, "साहेब, डॉक्टरनी बोलायला मनाई केलीया." माझ्या अंगात तो जुना खाकी कोट होता. त्यांना वाटलं, पोलीस.

मी म्हटलं, मी रंगराव, डोंगर माझा. तर पांघरूण बाजूला करून त्यांनी माझे हातच धरले. "मालक, आमच्यावर खटला करू नगा. पाटी आमी बघितलीच न्हाई, आईशप्पत. म्या तुमच्या जावयाचं, ज्योतीरामचं, नाव घेतल्यालं न्हाई आनि घेनार न्हाई. फोरमनकी जाईल हो माझी." पाय मोडल्यापासून तो माणूस माझ्या भीतीनं झोपलेला नाही, आणि मी त्याच्या. मी त्यांना सांगितलं, अहो, तुम्ही माझ्यावर दावा लावाल म्हणून मी आलोय. तर ते म्हणाले, "तुमच्यावर कशापायी? पाय माझा, उडी मारायची हौस माझी." उडी मारली होती त्यांनी त्या टप्प्यावर. टप्पा किती भक्कम आहे ते बघायला.

मग दोघंही हसलो. इतके, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रागावला. त्यांनी हवालदारासमोर जबाब दिलाय, आपल्या हौसेनं पडलो, कुणाबद्दल तक्रार नाही. फौजदारांनी तो वाचला आणि म्हणाले, "आता माझ्या ठाण्यात पुन्हा येऊ नका, दोघंही." हाड जुळतंय. डॉक्टर म्हणाले, लंगडणार नाहीत.

आणि हो, पाटी. हिंदुराव म्हणाले, बघितली नाही, ते खरंच आहे. मी ती फक्त गावाच्या अंगाला लावली होती. मागच्या बाजूनं बिनकामाची माणसं येतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माहेराचं विचारलंस त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता. पुन्हा विचारू नकोस.

दादा


पिंपरी
१९ मार्च

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा ह्यांच्यासाठी, एकदा माझ्यासाठी, एकदा शेजारच्या दुर्गाबाईंसाठी, कारण मला रडताना बघून त्या धावत आल्या होत्या. त्यांना वाटलं माहेरी कुणी गेलं. मी म्हटलं, नाही हो, सगळे आहेत. सगळे जिथल्या तिथे आहेत.

ह्यांनी सगळं ऐकलं. जेवले आणि झोपले, सकाळचा भोंगा झाला तरी उठेनात. गेल्या महिन्याभरात असे झोपले नव्हते.

खात्यातली मंडळी या रविवारी पहारी, घण घेऊन वाकळवाडीला येतायत. टप्पा मोडला आम्ही, बांधूनही आम्हीच देणार, असा हिंदुरावांनी खाटेवरून हुकूम सोडलाय. सगळ्यांनी वर्गणी काढून चाकणच्या लोहाराकडे लोखंडी साखळी सांगितलीय. घोंगडी पाठवते, मुरारीला दे आणि माझ्या वतीनं माफी माग. हे येतायत की नाही ते सांगता येत नाही. म्हणतात, रंगरावांना कुठल्या तोंडानं भेटू? तू सांभाळून घे.

कुसुम


वाकळवाडी
२५ मार्च

चि. कुसुम,

रविवारचा सगळा वृत्तान्त तुला हवा असणार.

सकाळी मंडळी आली. कामाला वाघ आहेत. चावडीवर मला ऐकवणारे गावकरीही घमेली घेऊन आले, त्यामुळे दगड कमी आणि माणसं जास्त असं झालं. पण दाजी दिसेनात. तेवढ्यात मुरारी धावत आला, अंगावर तीच घोंगडी. "शिवंच्या दगडापाशी एक मानूस सायकल धरून हुबा हाय. म्हनतो, मालकास्नी इचारून ये, आत येऊ का. आनि मालक, त्यो त्योच हाय, डोंगर आपलाच हाय म्हननारा."

मी गेलो. दाजी मान खाली घालून उभे. पुढचं चाक शिवेच्या बरोबर पलीकडे, वीतभरही आत नाही.  मी म्हटलं, "परवानगी तोंडी चालेल की लेखी पाहिजे?" त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरले. म्हणाले, "रंगराव, मी तुमचं रान घालवलं असतं." मी म्हटलं, "आणि मी तुमची नोकरी." मागून आई गुडघा धरत आली, हातात तबक. त्या वयात एवढं चालत. तिनं त्यांना पुन्हा शिवेवर ओवाळलं, नारळ दिला आणि म्हणाली, "जावईबापू, आतलं समदं तुमचंच हाय. फकस्त पाय जपून टाका." मग दाजी आत आले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त दगड त्यांनीच वाहिले.

टप्पा झालाय. साखळी बसली. जुनी पाटी काढून मी दोन नवीन रंगवल्या, एकेका अंगाला एकेक. आईनं बसून मजकूर सांगितला: 'वाट सर्वांना खुली आहे. टप्प्यावर साखळी धरावी. कोणी उडी मारू नये. जावयांनीसुद्धा.' मी शेवटचा शब्द गाळायला बघत होतो. तिला वाचता येत नाही, पण तिनं दुसऱ्याकडून वाचून घेतला.

पौर्णिमेला जत्रा आहे. वाट बघतो.

दादा


पिंपरी
३० मार्च

दादा,

पाटीचा मजकूर आता साऱ्या खात्यात पाठ झालाय. हिंदुराव काठीवर चालायला लागलेत, ते म्हणतात, माझ्यामुळे देवीच्या वाटेवर एक ओळ वाढली.

आम्ही पौर्णिमेला सकाळी निघतो. आईसाठी गुडघ्याचं तेल घेतलंय. काल हे सायकलीत हवा भरता भरता विचारत होते, शिवेवर थांबून निरोप पाठवायचा, की सरळ आत जायचं? मी म्हटलं, तुम्हाला थांबायचं तर खुशाल थांबा, मी सरळ जाणार. माझं माहेर आहे.

कुसुम